बंडप्पाच्या बागेतल्या गॅसबत्त्या

चिंचकोट्यात बंडप्पा हत्तरगे नावाचा एक माणूस होऊन गेला. तो मोठा नव्हता. पण मोठं दिसावं म्हणून त्यानं जन्मभर जेवढे कष्ट उपसले, तेवढ्यात दुसरा एखादा खरोखरच मोठा झाला असता. डोक्याचा जरीकाठी रुमाल तो जरा मागं सरकवून बांधायचा. कपाळावरचे भस्माचे पट्टे लांबून दिसले पाहिजेत. पायताण मुद्दाम सांगून करकरतं करून घ्यायचा. माणूस दिसण्याआधी त्याचा आवाज पोचला पाहिजे. घरात कानडी, गावात मराठी आणि चावडीवर उर्दू अशा तीन भाषा त्याला येत होत्या, आणि तिन्हींत मिळून सांगण्यासारखं त्याच्यापाशी काही नव्हतं.

त्याचं घर नळदुर्गाहून तुळजापूरला जाणाऱ्या गाडीवाटेवर होतं. घरापुढं बाग. ही बाग मात्र बघण्यासारखी होती, आणि तिच्यात बंडप्पाच्या घामाचा एक थेंब नव्हता. त्याचा थोरला भाऊ शिवप्पा. त्यानं मुरमाड जमीन फोडून विहीर पाडली, ओढ्याचा गाळ गाडी गाडी आणून टाकला, आणि रामफळ, डाळिंब, लिंबोणी, पांढरा चाफा अशी झाडं धरली. मधल्या वाफ्यांत शेवंती लावली. पिवळी, ठसठशीत, वासाला थोडी कडवट. शिवप्पा पटकीच्या साथीत गेला. मूलबाळ नव्हतं. मागं राहिली त्याची बायको शिवगंगा, आणि तिच्या हाताखाली ती शेवंती.

शिवगंगा कमी बोलायची. पहाटे मोट सुरू झाली की ती पदर खोचून वाफ्यांना दारं धरायला जायची. उन्हाळ्याच्या तोंडाला जुनी खोडं छाटायची, बुडाशी फुटलेले कोंब मुळांसकट वेगळे करायची आणि त्यांचे नवे वाफे करायची. दिवेलागणीनंतर मात्र ती एका पानाला बोट लावायची नाही. आमच्याकडं तो नेमच आहे. दिवस मावळला की झाड झोपतं. औषधाला पाला लागलाच, तर बाया आधी झाडापुढं हात जोडतात, उठवायला आलो म्हणून माफी मागतात आणि मग दोन पानं घेतात.

त्या शेवंतीमागं गावाचा एक रिवाज होता. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी आमच्या वीरभद्राची पालखी निघते. ती पालखी फुलांनी मढवायचा मान हत्तरग्यांच्या घराला. फूल विकतचं चालत नाही. घरच्या बागेतल्या फुलांची परडी देवळाच्या पायरीवर ठेवायची, आणि घरातल्या थोरल्या बाईनं पायरीवर हात टेकून गावापुढं म्हणायचं, ‘माती आमची, पाणी आमचं, फूल देवाचं.’ मगच परडी उचलली जाते.

वर्षातून एकदा, एवढंच वाक्य. लिंगायतांत विधवेच्याही गळ्यात लिंग असतं, तिच्या हातचं देवाला चालतं. पण हत्तरग्यांच्या घरात शिवगंगेला पानात काय हवं हेसुद्धा कुणी विचारत नव्हतं. पाडव्याच्या सकाळी मात्र पाटलापासून पोराबाळापर्यंत अख्खं गाव तिच्या तोंडाकडं बघत उभं राहायचं. त्या वाक्यावर ती बाई बाकीचं वर्ष काढायची. ते गेलं असतं तर तिला काय उरलं असतं, ते तुम्हीच समजून घ्या.

लढाईचे दिवस आले तसा निजामाच्या राज्यात सगळ्याला कंट्रोल लागला. आमच्या गावातलं घासलेटचं दुकान बंडप्पाला मिळालं. त्या कामासाठी तो एकदा धाराशिवला जाऊन आला, आणि आला तो पारावर बसून सांगायलाच लागला.

“तालुकदारसाहेबाच्या, म्हंजे कलेक्टरच्या, बंगल्यावर बत्त्या बघितल्या. घरात न्हाय, बागेत. झाडाच्या बुडाला बत्ती, फांदीला बत्ती. साहेब म्हणले, आइये बंडप्पासाब, तशरीफ रखिये. बसलो. त्यांनी पान दिलं, म्या खाल्लं.”

त्याचा गडी सिदू गाडी घेऊन बरोबर गेला होता. त्यानं दुसऱ्या दिवशी विहिरीवर सगळं उकलून ठेवलं.

“कशाचं पान आन कशाचं काय. मालक कुंपणाच्या भायेर हुबं व्हते. शिपाई म्हणला, चलो, आगे बढो. ह्यांनी पायताणातला खडा काढायचं सोंग केलं आन तेवढ्यात बघून घेतलं.”

म्हणजे जे स्वप्न बंडप्पानं पुढं उराशी धरलं, ते त्यानं एका पायावर उभं राहून, कुंपणाच्या फटीतून पाहिलेलं होतं. पण मनात घेतलं ते घेतलंच. सोलापूरच्या बाजारातून त्यानं गॅसबत्त्या आणल्या, पंप मारून पेटवायच्या, पांढऱ्या जाळीच्या. तुपाचे रिकामे डबे कापून सिदूकडून त्यांचे पत्रे वाकवून घेतले. पत्र्याची चकचकीत बाजू झाडाकडं करायची, म्हणजे बत्ती दिसत नाही आणि उजेड नेमका झाडावर पडतो. एक बत्ती रामफळाच्या बुडाशी, एक चाफ्याच्या बेचक्यात, आणि बाकीच्या शेवंतीच्या वाफ्यांत, बांबूच्या खुंटांवर. वर पावसासाठी पत्र्याची टोपी.

श्रावणात एका सोमवारी त्या पहिल्यांदा पेटल्या. खोटं सांगणार नाही, बाग सुरेख दिसली. रामफळाचं खोड खालून उजळलं आणि त्याच्या गाठी म्हाताऱ्याच्या गुडघ्यांसारख्या स्पष्ट झाल्या. चाफ्याच्या पानांच्या सावल्या घराच्या पांढऱ्या भिंतीवर मोठ्या होऊन हलायला लागल्या. ओली शेवंती तर अशी हिरवी दिसत होती, की दिवसा ती तशी कधीच कुणाला दिसली नव्हती. वाटेनं जाणारे गाडीवान बैल थांबवून बघायचे. एवढं देखणं काही आपल्या हातून झालं, तर माणूस गप्प बसतो. बंडप्पा गप्प बसला नाही. तो बागेत आरामखुर्ची टाकून, अंगावर उजेड पडेल अशा बेतानं बसला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायला लागला.

गावात त्या वेळी घासलेट मापानं मिळत होतं. आठवड्याला चिमणीपुरतं. धुरपदाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिचं तोंड सगळ्या गावाला ठाऊक होतं. ती रिकामी बाटली घेऊन दुकानात आली.

“संपलं, म्हातारे,” बंडप्पा म्हणाला. “वरूनच आलं न्हाय.”

“वरून आलं न्हाय व्हय? मंग तुझ्या रामफळाला कुठून मिळालं? त्याला काय पोथी वाचायची असती?”

“ती बाग हाय. शोभेची गोष्ट हाय. तुला न्हाय कळायची.”

“कळती की. माझी सून चुलीच्या जाळावर भाकऱ्या थापती, अंधारात एक करपती एक कच्ची ऱ्हाती. उद्यापासनं तुझ्या चाफ्याखालीच परात घेऊन बसती म्हणावं.”

दुकानातली माणसं हसली. बंडप्पानंही हसल्यासारखं केलं, आणि तिला बाटलीच्या बुडात चार बोटं घासलेट घालून दिलं. त्याला लोकांच्या अंधाराचं वाईट वाटत नव्हतं. लोक हसले याचं मात्र वाटलं.

बत्त्या रोज लागायला लागल्या. दिवस मावळायच्या आधीच सिदू पंप मारत फिरायचा, आणि गाव निजानीज होईपर्यंत बाग फसफसत, सूं सूं करत जळत राहायची. भादव्यात शेवंतीनं अंग धरलं. दरसालपेक्षा हातभर उंच, पानं रुंद, गर्द. बंडप्पा वाफ्यांत फिरून लोकांना दाखवायचा.

“बघा. उजेडाचं खत. आजवर कुणाला सुचलं न्हाय. झाडाला दिवसाचा दीड दिवस करून दिला म्या.”

शिवगंगेची नजर मात्र पानांवर नव्हती, शेंड्यांवर होती. गौरी उठल्या की शेवंतीच्या शेंड्यात मोहरीएवढ्या कळ्या दिसायला लागतात. हे ती लग्न होऊन आल्यापासून बघत होती. यंदा शेंडा मोडून पाहिला तर आत नुसती पानं. एका पानाच्या आत दुसरं पान. तिनं सगळे वाफे हिंडून पाहिले. शेवटी बागेच्या कोपऱ्यात, कडब्याच्या गंजीमागं, जिथं बत्तीचा उजेड पोचत नव्हता, तिथल्या ओळीत तिला कळ्या सापडल्या. ठेंगणी, साधी झाडं, आणि शेंड्याशेंड्याला कळी.

त्या संध्याकाळी ती बंडप्पाच्या खुर्चीपाशी आली. दिराशी समोर येऊन बोलायची तिची रीत नव्हती.

“भावजी, बत्त्या बंद करा.”

“का? डोळ्याला लागत्यात?”

“झाडाला झोप न्हाय. कळी धरली न्हाय अजून. गंजीमागं अंधार हाय, तिथं धरली.”

“वैनी, झाड काय तान्हं लेकरू हाय का, झोपायला? तुमी त्याला अंगाई म्हणा म्हंजे झालं.”

“पाडवा जवळ आलाय.”

“त्यासाठीच तर चाललंय समदं.” बंडप्पा पुढं वाकला. “पाडव्याला तहसीलदारसाहेब येणार हायत. पालखी बघणार, आन रातच्याला हितं, ह्या बागेत बसणार. नळदुर्गापासून तुळजापुरापर्यंत कुणाच्या बागेत साहेब बसलाय का? तुमची फुलं काय, फुलतील. उजेडात मानूस पण खुलतं.”

त्याची बायको महानंदा ओसरीवरून म्हणाली, “मोठ्या जाऊबाईंना आपलं कायतरी काढायचं असतं.” ती नेहमी नवऱ्याच्या वाक्याला शेवटचा टाका घालायची.

शिवगंगा परत गेली. दुसऱ्या दिवसापासून तिनं दुसराच उद्योग मांडला. घरातली गोणपाटं, जुनी घोंगडी, फाटकी जाजमं गोळा केली आणि बत्त्या लागायच्या आधी वाफ्यांवर काठ्या रोवून ती पांघरायला सुरुवात केली. पहाटे काढायची, संध्याकाळी घालायची. सिदू मुकाट्यानं मदत करायचा. पण तिच्याजवळ गोणपाटं ती किती. दोन-तीन वाफे झाकले, बाकी उघडे.

बंडप्पाला हे दिसलं तेव्हा नेमके नळदुर्गाचे दोन व्यापारी पाहुणे आले होते. चकचकीत उजेडात, रामफळाच्या सुंदर सावलीत, मधोमध पोत्यांचे ढीग. एका व्यापाऱ्यानं सरळपणे विचारलं, “हितं कुणी मयत झालंय का?”

पाहुणे गेल्यावर बंडप्पानं स्वतःच्या हातानं गोणपाटं ओढून काढली. त्या बागेत त्यानं स्वतःच्या हातानं केलेलं हे पहिलं काम. ओढताना शेंडे मोडले, त्याचीही त्याला शुद्ध नव्हती. शिवगंगा दारात उभी होती. तिनं दिराला अडवलं नाही. गोणपाटं गोळा करून, झटकून, घडी घालून तिनं गोठ्यात ठेवून दिली.

दिवाळी आली. घरोघरी शेवंतीच्या माळा लागल्या, अगदी ज्यांच्या परसात चार झाडं होती त्यांच्याही. हत्तरग्यांची बाग मात्र हिरवीगार उभी होती, माणसाच्या कमरेएवढी, आणि तिच्यात एक पिवळा ठिपका नव्हता. गंजीमागच्या ओळीत ओंजळभर फूल आलं. पालखीच्या एका दांड्यालाही ते पुरलं नसतं.

तेव्हा कुठं बंडप्पा खुर्चीतून उठला. तोही देवाच्या भयानं नव्हे. साहेब येणार आणि मान जाणार, ही दोन चित्रं एकाच दिवशी त्याच्या डोळ्यांपुढं आली. त्यानं लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सिदूला गाडी जुंपून तुळजापूरला पाठवलं. देवीच्या दारात फुलांना तोटा नाही. पाडव्याच्या पहाटे सिदू पाट्या भरून शेवंती घेऊन आला, वर केळीची पानं झाकून.

शिवगंगेनं पान उचलून पाहिलं. फुलं ओरबाडून तोडलेली होती, देठ नव्हते. ती नेहमी दोन पानं ठेवून नखानं फूल खुडायची.

“वैनी,” बंडप्पा हळू आवाजात म्हणाला, “परडी भरा. नेहमीसारखं म्हणायचं आन यायचं. फूल ते फूल. वीरभद्र काय पावती मागत न्हाय.”

तिनं पाट्या पुढं ओढल्या. परडी भरली, डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. बंडप्पाला वाटलं, झालं. तो रुमाल नीट करून तहसीलदारांच्या स्वागताला गेला.

देवळापुढं गाव जमलं होतं. तहसीलदार खुर्चीवर बसले होते आणि बंडप्पा त्यांच्या खुर्चीच्या पाठीला हात लावून उभा होता, आपलीच खुर्ची असल्यासारखा. पुजारी शांतलिंगअय्या पायरीवर उभे होते. शिवगंगेनं परडी खाली ठेवली, गुडघे टेकले, पायरीवर हात ठेवला. सनई थांबली.

आणि ती बोलेना.

“शिवगंगाबाई,” अय्या म्हणाले, “म्हणा.”

तिनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. उन्हात काम करून आलेल्या बाईचा चेहरा असतो, तसा होता.

“अय्या, फूल देवाचंच हाय,” ती म्हणाली. “पर माती आमची न्हाय. पाणी आमचं न्हाय.”

मग तिनं पदराची गाठ सोडली. गंजीमागची ओंजळभर फुलं तिनं परडीत नाही, पायरीवर वेगळी ठेवली. “एवढी आमची.”

सगळ्या गावानं बंडप्पाकडं पाहिलं. जन्मभर त्याला हेच हवं होतं. तरी त्यानं मान खाली घातली. तहसीलदारांना काही कळलं नव्हतं; ते विचारत होते, “क्या हुआ जी? रुके क्यूं?” आणि त्यांना समजावून सांगायला तीन भाषा येणाऱ्या माणसाला एकीतलाही शब्द सापडत नव्हता.

त्या वर्षी पालखी बेलाच्या पानांवर निघाली. ओंजळभर पिवळी फुलं अय्यांनी देवाच्या मुखवट्यापुढं ठेवली. तुळजापूरची परडी पायरीवरच राहिली. दुपारपर्यंत शेळ्यांनी संपवली.

पंच देवळात बसले. त्यांत धोंडप्पा वयानं वडील, सरळ माणूस. तो म्हणाला, “मान काढून घ्यायला आमाला बरं वाटत न्हाय. एक साल माफ. फुडल्या पाडव्याला बागेत फूल आलं तर मान तुमचाच. न्हाय आलं, तर दुसऱ्या घराला जाईल. बंडप्पा, बाई सांगती तसं कर. बत्त्या इझव. दुसरं काय करायचं न्हाय. काय न करणं तुला जमंल का?”

“जमंल की,” बंडप्पा म्हणाला.

पण त्या संध्याकाळी साहेब बागेत बसणार होते, म्हणून त्यानं बत्त्या लावल्याच. दिवाळीतले हिरवे किडे तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांना दहा गावांत तेवढाच उजेड दिसत होता. ते साहेबांच्या चहात पडले, दाढीत शिरले, कॉलरीतून आत गेले. साहेब टोपीनं वारा घालत उठले.

“क्या बंडप्पा, बाग में बुलाए कि कीड़ों की दावत में? मैं उधर अंधेरे में बैठता जी.”

आणि ते जाऊन बसले कुठं, तर धोंडप्पाच्या ओट्यावर. तिथं एक पणती होती. साहेबांनी तिथं भाकरी खाल्ली, दोन पानं खाल्ली आणि झोपेपर्यंत गप्पा मारल्या. बंडप्पा आपल्या बागेत, उजळलेल्या रिकाम्या खुर्चीसमोर उभा होता. किडे त्याच्याही रुमालात शिरत होते, पण ते झटकायचं त्याला सुचलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शिवगंगेनं कोंब वेगळे करून पुन्हा वाफे केले. बत्त्या माळ्यावर गेल्या. श्रावण गेला, बागेत अंधार पडत राहिला, आणि बंडप्पाला मात्र तो अंधार सोसेना. संध्याकाळी तो ओसरीवर बसायचा, वाटेनं गाडी गेली की घुंगरांच्या आवाजाकडं मान वळवायचा. गाडी थांबत नसे. शेवंती ठेंगणीच राहिली होती. गौरी उठल्या आणि शेंड्यात मोहरीएवढ्या कळ्या दिसल्या. शिवगंगेनं सिदूला हाक मारून दाखवल्या. सिदू म्हणतो, बाई हसलेली त्यानं तेव्हाच पाहिली.

चारच दिवसांनी रस्त्याच्या कामाचा एक ठेकेदार मोटारीनं निघाला होता, त्याची मोटार गावाशी बंद पडली. उतरला बंडप्पाकडं. कोण कुठला ठेकेदार. पण मोटार होती त्याच्याकडं. दिवस मावळला तसा बंडप्पा येरझारा घालायला लागला आणि शेवटी सिदूला म्हणाला, “एकच काढ. रामफळापुरती.”

सिदूनं एक काढली. मग चाफा अंधारात राहिला म्हणून दुसरी. मग मध्ये काळं दिसतं म्हणून वाफ्यांतल्या. ठेकेदार दोन दिवस राहिला. तो गेला तरी बत्त्या तिसऱ्या दिवशी लागल्या, चौथ्याही दिवशी लागल्या. लावल्यावर वाटेवरच्या गाड्या पुन्हा थांबायला लागल्या होत्या.

पाचव्या दिवशी सकाळी शिवगंगा कुदळ घेऊन बागेत गेली. एकेक झाड तिनं मातीच्या गोळ्यासकट उचललं, पाटीत ठेवलं. सिदू पाट्या वाहून गाडीत भरत होता. बंडप्पा दात घासत बाहेर आला.

“हे काय चाललंय?”

“धोंडप्पाच्या विहिरीवर नेतो,” ती म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. “तिथं दिवस मावळतो.”

“वैनी, डोकं ठिकाणावर हाय का? फूल तिथं आलं म्हंजे मान त्याच्या घराला जाईल. पायरीवर त्याची आई हात ठेवील. तुमाला कोण विचारंल?”

“कळ्या धरल्यात, भावजी,” शिवगंगा म्हणाली. “त्या तर फुलल्या पायजेत का न्हाय?”

आणि तिनं पुढच्या झाडाच्या बुडात कुदळ घातली. बंडप्पा म्हणत होता ते सगळं तिला ठाऊक होतं. त्याच्याहून नीट ठाऊक होतं. जे वाक्य तिनं खोटं बोलून राखलं नव्हतं, ते ती आता स्वतःच्या हातानं, मुळांसकट दुसऱ्याच्या दारात नेऊन लावत होती.

पाडव्याला पालखी पिवळी पिवळी निघाली. धोंडप्पाच्या म्हाताऱ्या आईनं पायरीवर हात ठेवला. शिवगंगा बायांच्या घोळक्यात मागं उभी होती. परडी उचलली गेली तेव्हा तिनं बाकीच्यांसारखे हात जोडले आणि गर्दी पांगायच्या आधी विहिरीकडं निघून गेली. वाफ्यांना पाणी द्यायचं होतं. मान धोंडप्पाच्या घरी गेला तो गेलाच.

बंडप्पाची बाग त्यानंतर उठली नाही. उकरलेले खड्डे तसेच राहिले, कारण ते बुजवायला वाकावं लागलं असतं. पण बत्त्या लागत राहिल्या. अश्विनात कर्नाटकातून तुळजापूरला पायी जाणारे जथे वाटेनं जायला लागले, की तो सगळ्या बत्त्या पेटवून, रुमाल मागं सरकवून खड्ड्यांमध्ये उभा राहायचा. असंच एकदा एक जथा थांबला. त्यातला एक म्हातारा कुंपणापाशी येऊन बराच वेळ बघत राहिला, पेटलेल्या बत्त्यांकडं, उकरलेल्या जमिनीकडं, मध्ये उभ्या असलेल्या माणसाकडं. मग काळजीनं म्हणाला,

“मालक, काय हरवलंय? आमी येऊ का हुडकायला?”

बंडप्पानं रुमाल नीट केला. तो सिदूकडं वळला आणि म्हणाला, “चाफ्याखालची मंद झाली. पंप मार.”